धागा: उटण्याचा डबा, सहाण आणि माझ्या क्रीमला आलेली दाढी

मालवी_माई
मंडळी, धागा काढायचं कारण जरा लाजिरवाणं आहे, पण सांगून टाकते.

यंदा गौरींच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून काहीतरी हातचं द्यावं असं डोक्यात आलं. कुंडीत कोरफड माजली होती, गोडं बदाम तेल घरात होतं, मेण आणि गुलाबजल आणलं. सगळं कोमट करून मिक्सरला फिरवलं आणि काय सांगू, पांढरंशुभ्र, लोण्यासारखं क्रीम जमलं! अकरा बाटल्या भरल्या. लेकीने सुंदर अक्षरात 'संपूर्ण नैसर्गिक' अशा चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. मी आठवडाभर स्वतःवर खूश.

नवव्या दिवशी राजेंद्र नगरहून धाकट्या जाऊबाईंचा फोन. "वहिनी, तुमच्या क्रीमला दाढी आलीय."

गेले बघायला. झाकण उघडलं तर वर राखाडी लव, मधोमध हिरवट ठिपका, खाली पाणी वेगळं आणि तेल वेगळं. वास आंबूस. बिचारीने आधी चार दिवस ते लावलं होतं, गालावर बारीक पुरळ उठलेलं. मग उरलेल्या दहा घरी फोन करत बसले, "लावू नका हो, टाकून द्या." दोघींनी सांगितलं की त्यांनी टाचांच्या भेगांना चोळून केव्हाच संपवलं आणि छान होतं. एकीने पुढे विहीणबाईंना दिलं होतं. तो फोन मी केला नाही, तिलाच करायला लावला.

रात्री झोप येईना तेव्हा आजी आठवली. इंदूरला मल्हारगंजातल्या आमच्या वाड्यात तिचा एक पितळी डबा होता, उटण्याचा. कोजागिरी झाली की ती मला घेऊन मारोठिया बाजारात पंसाऱ्याकडे जायची. वाळा, नागरमोथा, कपूरकाचरी, गुलाबकळी, आंबेहळद. प्रत्येक वस्तू हातावर चोळून हुंगायची आणि वास उतरलेला असेल तर परत सरकवायची. संत्र्याची सालं घरी हिवाळाभर वाळवून ठेवलेली असत. मसुराची डाळ आणि मूठभर मुलतानी माती घालून सगळं खलबत्त्यात कुटायचं आणि वस्त्रगाळ करायचं. परातीवर फडकं ताणून ती पूड हाताने फिरवायला लागली की अख्ख्या माजघरात सुगंधी धूळ उडे आणि आम्ही पोरं शिंकून बेजार.

ते उटणं वर्षभर टिकायचं. आंघोळीपुरतं चमचाभर वाटीत घ्यायचं, दुधात नाहीतर पाण्यात तेव्हाच भिजवायचं, उरलं तर मोरीत. डब्यात कोणी ओला चमचा घातला तर आजी वाडा डोक्यावर घ्यायची. मला वाटायचं, म्हातारीचं सोवळं. क्रीमची दाढी बघितल्यावर कळलं की सोवळं नव्हतं.

तर सांगा, तुमच्या घरी काय करतात? कशाचा खरंच गुण येतो आणि कशाने तोंड पोळलंय? स्वतः केलेलंच लिहा, व्हॉट्सॅपवरचं नको.

खमंग_शेव
"क्रीमला दाढी आलीय" 😂😂 आज ऑफिसात एकटाच हसतोय, शेजारचा विचारतोय काय झालं भिया.
बाकी मी पुरुषमाणूस, फक्त दाढीनंतर तुरटी. चालते ना? बाबांचा खडा अजून पुरतोय.

द्रावण
पीथमपूरला औषधाच्या कारखान्यात तपासणी विभागात आहे, त्यामुळे हा धागा म्हणजे माझं रोजचं जेवण.

माई, कोरफडीचा गर हे जवळजवळ ९८-९९ टक्के पाणी असतं. गुलाबजल तर पाणीच. वरून कोरफडीतली साखरेच्या जातीची द्रव्यं, म्हणजे बुरशीला भाद्रपदाच्या दमट हवेत तुम्ही पंगतच वाढलीत. बाजारच्या क्रीममध्ये यासाठीच परिरक्षक घालतात. फिनॉक्सीइथेनॉल घालतात ते १ टक्क्यापर्यंत. सोडियम बेंझोएट घालायचं तर मिश्रण आंबट लागतं, नाहीतर ते काम करत नाही. नावं ऐकून लोक घाबरतात, पण त्या दाढीपेक्षा ती बरी.

बुरशी निदान डोळ्यांना दिसते. जिवाणू दिसत नाहीत. तुमच्या जाऊबाईंनी लावलं तेव्हा बाटली स्वच्छच दिसत असणार, पण आत वस्ती झालेली असणार.

आणि ई जीवनसत्त्वाची कॅप्सूल फोडून घातली की टिकतं, हे दर तिसऱ्या व्हिडिओत सांगतात. त्याने तेल खवट व्हायला उशीर लागतो, बस. जंतूंचं ते काही वाकडं करत नाही. पाणी असलेली कुठलीही घरगुती गोष्ट फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, त्यापुढे नाही.

तेल-पाणी फुटलं त्याचंही सांगतो. नुसतं मेण त्या दोघांना बांधून ठेवू शकत नाही. मिक्सरच्या फिरक्याने घटकाभर एकत्र येतात आणि मग आपापल्या वाटेने जातात. जुन्या कोल्ड क्रीममध्ये मेणाच्या जोडीला टाकणखार असायचा. मेणातल्या आम्लाशी तो मिळून साबणासारखा पदार्थ होतो आणि तो दोघांना धरून ठेवतो. (आता कोणी घरी टाकणखार घेऊन बसू नका, प्लीज.)

भेटच द्यायची असेल तर बिनपाण्याचं मलम करा. मेण एक भाग, तेल चार भाग. मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, त्यामुळे थेट आचेवर नको, उकळत्या पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवा. वाटीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका. मे महिन्यासाठी करत असाल तर तेल तीनच भाग घ्या, नाहीतर पर्समध्ये ओघळेल. ओठांना, टाचांना, कोपरांना उत्तम.

@खमंग_शेव, तुरटी चालते. कातडी आकसते, बारीक कापलेलं थांबतं. फक्त कोरड्या त्वचेच्या माणसाने थंडीत रोज घासू नये.

बडोदेकरीण
माई, पंसारी शब्द वाचून मजा वाटली! आमच्या बडोद्यात त्याला 'गांधी' म्हणतात. मांडवीकडे जायचं आणि गांधीकडून ओसडियां, म्हणजे जडीबुटी, आणायची. लग्न होऊन नवीन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "गांधीकडे जाऊन नागरमोथा घेऊन ये," आणि मी तासभर विचारात, हे गांधी कोण बाई. नंतर कळलं, गंध विकणारा तो गांधी.

उटण्याचं म्हणाल तर इथे लग्नात 'पीठी' चोळतात. आपली हळदच, पण बेसन जास्त आणि कधी चंदन. आमच्या घरात मराठी-गुजराती दोन्ही चालतं, त्यामुळे नवऱ्यामुलाला एकदा हळद आणि एकदा पीठी, बिचारा दोन दिवस पिवळा.

माझा अनुभव मुलतानी मातीचा. इकडे उकाडा दमट, चेहरा सतत तेलकट, म्हणून पंधरवड्यातून एकदा लावते आणि छान वाटतं. पण माझी बहीण ग्वाल्हेरला, तिने डिसेंबरात माझं बघून लावली, पार सुकेपर्यंत ठेवली आणि गालाला अक्षरशः चिरा पडल्या. माती तेल ओढते तशी पाणीही ओढते. सुकून तडकायच्या आधी, जराशी ओली असतानाच धुवायची.

लष्करचा_बंड्या
ती बहीण आमच्याच गल्लीतली असणार 😄
ग्वाल्हेरच्या थंडीत चेहऱ्यावर माती म्हणजे शौर्यच. इथे जानेवारीत पहाटे बोटं वळत नाहीत. आमच्या घरी एकच फॉर्म्युला, ग्लिसरीन आणि गुलाबजल. आई त्यात लिंबूही पिळायची. ओठांना लोणी. आणि अंगाला मोहरीचं तेल, उन्हात बसून. शेजारीपाजारी सगळे हिंदी, त्यांच्याकडून आलेली सवय. आमची पुण्याची आत्या नाक दाबून बसायची.
प्रश्न: नुसतं ग्लिसरीन लावलं की मला उलट जास्त कोरडं का वाटतं?

द्रावण
ग्लिसरीन पाणी धरतं. हवेत ओलावा असला तर तिथून घेतं, हवा कोरडी असली तर तुमच्याच कातडीच्या आतून ओढतं. म्हणून कोरड्या थंडीत निव्वळ ग्लिसरीन नको. एक भाग ग्लिसरीनला चार भाग गुलाबजल, ओल्या चेहऱ्यावर लावा आणि वरून दोन थेंब तेल फिरवा, म्हणजे धरलेलं पाणी उडत नाही. पुन्हा तेच सांगतो, हे पाण्याचं मिश्रण आहे, लहान बाटली करा.
मोहरीच्या तेलात झणझणीत द्रव्य असतं, त्यानेच नाकात जातं. मोठ्यांच्या जाड कातडीला चालून जातं. तान्ह्या बाळाला ते नको, नाजूक कातडीचा वरचा थर त्याने बिघडतो. सूर्यफुलाचं तेल बरं. ढाक्यात दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांना ते चोळून पाहिलं होतं, जंतुसंसर्ग कमी झाले. तो अभ्यास २००५ साली छापून आला.
आणि लिंबू काढून टाका. लिंबावर कोणीतरी सविस्तर लिहील अशी आशा आहे.

तिळगूळ
मी लिहिते. माझ्याच हातावर झालंय.

दोन वर्षांपूर्वी दिराचं लग्न, मे महिना. सुदामा नगरच्या घराच्या गच्चीवर आम्ही तिघी सरबतासाठी लिंबं पिळत बसलो, कागदी लिंबं, शे-सव्वाशे तरी असतील. मांडवाचा कपडा अर्धाच, ऊन माझ्या बाजूला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलेला. तसाच पुसून पुढच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात चुरचुरायला लागले, तिसऱ्या दिवशी फोड. आणि गंमत म्हणजे फोड रसाच्या ओघळाच्या आकाराचे! वरून खाली सरळ पट्टे, मधूनमधून थेंब. सासूबाई म्हणाल्या कोळी मुतला असणार. लग्नात पूर्ण बाह्यांचं ब्लाउज घालून उभी राहिले, ४२ डिग्रीत. फोड बसले, पण मागे काळपट पट्टे उरले ते दिवाळीनंतर कुठे फिके झाले.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी हात बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, "लिंबू की अंजीर?" त्यांना पट्ट्यांवरूनच कळलं. लिंबात, जास्त करून सालीत, फ्युरोकूमारिन नावाची द्रव्यं असतात. ती कातडीला लागली आणि वर ऊन पडलं की कातडी भाजते. ॲलर्जी नाही, कोणालाही होऊ शकतं. माझ्या दोन्ही जावा सावलीत बसल्या होत्या, त्यांना काही झालं नाही.

आता विचार करा, लोक लिंबू-मध चेहऱ्याला लावून गच्चीत जातात.

नुसती_वाचक
बापरे. मी दर रविवारी लिंबाची फोड नाकावर घासते. घासायचे.

द्रावण
@तिळगूळ, नेमकं लिहिलंत. भर एवढीच: लिंबाच्या रसाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) २ ते अडीच, कातडीचा ५ च्या आसपास. तिथे एका आकड्याचा फरक म्हणजे दसपट, म्हणजे रस कातडीपेक्षा शेकडोपट आंबट. खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाला, ८ च्या वर. सौम्य आंबट काही हवंच असेल तर दही. त्यातलं लॅक्टिक आम्ल मृत कातडी हलकेच सैल करतं. दहा मिनिटं ठेवून धुतलं की झालं.

वैद्यकीचा_नाद
रसायनवाल्यांनी धागा ताब्यात घेतलेला दिसतोय. जरा आमचीही बाजू ऐका.

शतधौत घृत कोणी केलंय का? मी दर वर्षी थंडीआधी करतो. तांब्याचं ताट, पाव किलो गाईचं साजूक तूप, गार पाणी आणि तांब्याच्या लोट्याचं बूड. तुपावर पाणी घालायचं, लोट्याच्या बुडाने गोल गोल फेटायचं, पाणी ओतून टाकायचं. हा एक धुवा. असे शंभर. पहिले दहा-पंधरा धुवे तूप नुसतं निसटतं, काही होत नाहीसं वाटतं. मग ते जरा घट्ट धरायला लागतं. पन्नासच्या पुढे पिवळेपण उतरतं, तुपाचा वास जातो. ऐंशीच्या सुमाराला लोट्याला असं चिकटतं की हात दुखून येतो. शेवटी ताटात पांढरा, हलका, थंडगार मऊ गोळा. बोटाला लावलं की तुपकटपणा जाणवतच नाही. भाजल्यासारखी आग, टाचा, पोळलेला चेहरा, सगळ्याला लावतो. मला साडेतीन तास लागले, मॅच बघता बघता केलं. सौ.ने मोजणी ठेवली, एकसष्ठाव्याला तिची झोप लागली, त्यामुळे शतधौत की एकशेसातधौत ते देव जाणे.

आणि हळदीचं म्हणाल तर अमेरिकेला १९९५ साली हळदीने जखम भरते याचं पेटंट द्यावंसं वाटलं. आपल्या सीएसआयआरने, म्हणजे सरकारी विज्ञान संशोधन परिषदेने, भांडून १९९७ मध्ये ते रद्द करवलं. आजीबाईच्या बटव्यात काही नसतं तर पेटंट कशाला दिलं असतं?

द्रावण
काका, शतधौत घृताला माझा सलाम. क्रीम जमवायची ही फार हुशार पद्धत आहे, पाण्याचे बारीक थेंब तुपात अडकतात आणि म्हणून ते हलकं, पांढरं होतं. पण म्हणूनच त्यातही पाणी आहे, हे विसरू नका. थोडं करा, लवकर संपवा, ओलं बोट घालू नका. आणि ताजं भाजलं असेल तर आधी वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, तूप नाही. भाजल्यावर लगेच तूप लावलं तर उष्णता आतच राहते.

पेटंटबद्दल मात्र थोडं वेगळं म्हणेन. ते रद्द झालं कारण ती गोष्ट नवीन नव्हती, आपल्याकडे जुन्या ग्रंथांत आणि छापील लेखांत ती आधीपासून होती. पेटंट कार्यालयाने हळदीची परीक्षा घेतली नव्हती, कागदांची घेतली.

वैद्यकीचा_नाद
मान्य. भाजल्यावर आधी पाणी हेही मान्य, घरात तेच करतो. पेटंटचं तुम्ही वकिलासारखं बोललात पण.

मालवी_माई
काका, साडेतीन तास! मी ताट-लोटा काढून ठेवलाय, बघू धीर होतो का.

हळदीवरून आठवलं. आमच्याकडे हळद आजी हळकुंडं आणून दळून घ्यायची, पूड कधी विकत नाही. "पुडीत काय घातलं ते कोण बघायला गेलंय." आता कळतं की बाजारच्या पिवळ्याधमक पुडीत कधी लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा रंग सापडतो. तोंडाला काय आणि पोटात काय, शिसं ते शिसंच. हळकुंड मोडून बघितलं की आतला रंग दिसतो, तेवढी तरी खात्री. सियागंजातून सांगलीची हळकुंडं आणते, गिरणीवाला मसाल्यांनंतर दळून देतो म्हणून पहिली मूठभर त्यालाच ठेवायला सांगते.

हळदीची एक गंमत लहानपणी बघितलेली. कपड्यावर हळदीचा डाग पडला आणि साबण लावला की डाग एकदम लाल! मी रक्त समजून रडले होते. आजी म्हणाली, "अगं, कुंकू असंच करतात, हळदीला खार लागला की लाल." आणि तोच डाग दिवसभर उन्हात ठेवला की उडून जातो. चेहरा पिवळा राहतो म्हणून घाबरणाऱ्यांनी आंबेहळद किंवा कस्तुरी हळद घ्यावी, आणि प्रमाण चिमूटभर. लोक चमचा-चमचा घालतात, भाजीत तरी घालता का एवढी?

आणखी एक, इंदूरकरांसाठी. आमच्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, बाकी बोअर. बोअरच्या जड पाण्यात साबण लावला की फेस नाही, नुसता चिकट थर, आणि अंग कोरडं ठक्क. त्या दिवशी मी सरळ बेसन वापरते. पीठ तेल आणि मळ टिपून घेतं आणि जड पाण्याने त्याचं काही बिघडत नाही. उटण्याचंही तेच. म्हणून तर आधी तेल चोळायचं आणि मग उटणं. कोरड्या अंगावर उटणं घासलं तर ओरबाडे उठतात, मग म्हणतात उटणं सोसलं नाही.

नवीन_आई
माई, बरं झालं विषय निघाला. माझी मुलगी सात महिन्यांची. सासूबाई म्हणतात अंगावरची लव जायला डाळीच्या पिठाचा गोळा रोज फिरव. तिला कोपराच्या खळीत आणि गालावर लाल, खरखरीत चट्टे आहेत. डॉक्टर एक्झिमा म्हणाले. पीठ लावू की नको? घरात यावरून रोज शीतयुद्ध.

द्रावण
नको. आणि सासूबाईंना हे वाचून दाखवा, माझ्यावर ढकला.

लव आपोआप जाते, पिठाने जात नाही, फक्त घासलं जातं. पण एक्झिमा असताना पीठ न लावायचं कारण याहून मोठं आहे. फुटलेल्या कातडीतून खाण्याचा पदार्थ आत गेला की शरीर त्याला शत्रू समजायला शिकतं, आणि पुढे तोच पदार्थ खाल्ल्यावर ॲलर्जी येऊ शकते. जपानमध्ये एका चेहऱ्याच्या साबणात गव्हाचं प्रथिन फोडून घातलं होतं. तो रोज वापरणाऱ्या दोन हजारांहून जास्त लोकांना नंतर गहू खाल्ल्यावर त्रास व्हायला लागला. मोठी माणसं, आयुष्यभर पोळी-पाव खाल्लेली.

बाळाला साधं, वासाचं नसलेलं मलम, डॉक्टरांनी सांगितलेलं. शेंगदाणा तेल, बदाम तेल, पीठ, दूध, सगळं चट्ट्यांपासून लांब. चट्टे नसलेल्या बाळाला उटण्याने कधीमधी आंघोळ घातली तर आभाळ कोसळत नाही.

नवीन_आई
वाचून दाखवलं. म्हणाल्या, "आम्ही चार पोरं वाढवली." मग थोड्या वेळाने, "गव्हाचं ते परत वाच." परत वाचलं. पिठाचा डबा वर गेलाय 🙏

मालवी_माई
जिंकलात हो तुम्ही! सासूबाईंनी "परत वाच" म्हणणं म्हणजे अर्धी शरणागतीच.

बडोदेकरीण
खोबरेल तेलाबद्दल कोणीच लिहिलं नाही? माझ्या लेकीला कपाळावर बारीक बारीक फोड. मी आपली रात्री खोबरेल चोळतेय, ते वाढताहेत.

द्रावण
थांबवा. खोबरेल अंगाला, केसांच्या लांबीला छान, पण मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर ते छिद्रं बुजवतं. कपाळावरचे सगळे एकसारखे, खाजरे फोड असतील तर मलासेझिया नावाच्या बुरशीचे असू शकतात. ती त्वचेच्या तेलावरच जगते, कोंड्यातही तीच असते. डोक्याला तेल थापून कोंडा जात नाही तो यामुळेच. डॉक्टरांना एकदा दाखवा.

नुसती_वाचक
खूप दिवस विचारायचं होतं. उटण्याने, केशराने, दुधाच्या सायीने रंग खरंच उजळतो का? घरात स्थळं बघताहेत म्हणून विचारते.

मालवी_माई
बाळा, नाही. उटणं मळ काढतं, मृत कातडी काढतं, त्वचा तुकतुकीत दिसते. सायीने मऊ होते. जन्माचा रंग आहे तोच राहतो. बाजारात झटपट उजळवणारी जी बिनलेबलची क्रीमं मिळतात त्यांत स्टेरॉइड किंवा पारा निघतो, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आणि त्या स्थळांना माझा नंबर दे, म्हणजे इथला आयडी दे. बघते त्यांच्याकडे.

खमंग_शेव
माई चिडल्या की मालवी होतात 😀
घरगुती सनस्क्रीनचं काय? बायको झिंक ऑक्साइड मागवायचं म्हणतेय.

द्रावण
हे एक घरी करू नका. झिंकची पूड क्रीममध्ये नीट पसरली नाही तर गुठळ्या होतात, कातडीवर मधेमधे भोकं राहतात आणि उन्हाला तेवढीच वाट पुरते. तपासायला घरी काही साधन नाही. सनस्क्रीन विकतची, आणि टोपी. इंदूरच्या पोरी स्कूटीवर चेहऱ्याला ओढणी गुंडाळून फिरतात, ते सगळ्यात स्वस्त आणि चांगलं.

तिळगूळ
आणि नवीन काही लावायच्या आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट बघा. मी आता मधही असाच तपासते. माझ्या आईकडे सहाणेवर जायफळ उगाळून पुटकुळीवर लावतात, पाण्याचे दोनच थेंब, तपकिरी गंध निघेपर्यंत. मला सोसतं, बहिणीची आग होते. एकच आई, एकच सहाण.

वैद्यकीचा_नाद
सहाण म्हटली की चंदन आलंच. रक्तचंदन म्हणून लाल लाकूड देतात ते वेगळं झाड, त्याला सुवास नसतो. सुवास नाही म्हणून दुकानदाराशी भांडू नका, मी भांडलोय.

मालवी_माई
धागा वर काढतेय, कारण बातमी आहे.

काल जाऊबाई आल्या होत्या. पुरळ बरं झालंय. येताना त्या क्रीमची बाटली धुऊन, उन्हात वाळवून घेऊन आल्या. म्हणाल्या, "वहिनी, यात आता कोरडंच द्या." मी पंसाऱ्याकडे जाऊन आलेच होते. वाळा चांगला मिळाला, नाकाशी धरला की मुळांत अजून मातीचा वास. कपूरकाचरी जुनी होती ती आजीसारखी परत सरकवली. त्याने दुसऱ्या पोत्यातून दिली, न बोलता.

आज दुपारभर दोघींनी कुटलं. नरकचतुर्दशीसाठी अकरा पुड्या, त्याच अकरा घरी जाणार. चिठ्ठी लेकीनेच लिहिली, यावेळी फक्त 'ओला चमचा घालू नये'.

खमंग_शेव
विहीणबाईंना पण एक द्या 😄
बायको विचारतेय, वस्त्रगाळ करायला फडकं कुठलं? ओढणी चालेल का?

मालवी_माई
त्यांना दोन जाताहेत.
ओढणी नको, घसरते आणि पूड अडकून बसते. जुनं, मऊ झालेलं धोतर घ्या. नव्या कापडाला खळ असते, आधी दोनदा धुवावं लागेल. आणि पूर्ण वाळल्याशिवाय सुरू करू नका.